मिठोवाहच्या डोहातल्या दोन बुल्हणी

बायकोला, हजूरांला, मातीत ठेवून दोन महिने होऊन गेले, तरी कायमदीनच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. गल्लीतल्या बायका म्हणत, म्हातारा दगडाचा आहे. ते त्याच्या कानावर येई, आणि तो मनात म्हणे, असेल बुवा. सकाळी उठावं, दाराशी खाट टाकावी, उन्हाबरोबर ती सरकवत न्यावी, संध्याकाळी आत घ्यावी. मुलगी बखतावर पलीकडच्या गल्लीतून दुपारी तांदळाची भाकरी आणि कमळकाकडीची भाजी घेऊन यायची. तो जेवायचा. मीठ कमी पडलं की जास्त, हे त्याला सांगता यायचं नाही.

त्याआधी चौतीस वर्षं तो बंधाऱ्यावर होता. सिंधूतून मिठोवाह कालवा जिथे निघतो, त्या तोंडावरच्या दारांचा तो गेटवाला. श्रावणात साठ पुरी झाली आणि तो घरी बसला. निरोपाच्या चहाला कुणीतरी म्हणालंही होतं, "नाव कायम आणि नोकरी संपली!" सगळे हसले होते, तोही हसला होता. तेव्हा हजूरां होती.

त्याच्या कामाची एक कीर्ती होती. दर जानेवारीत कालव्यांची बंदी असते. पंधरा-सतरा दिवस दारं पाडायची, कालवा कोरडा करायचा, गाळ उपसायचा, तुटलेला दगड बसवायचा. पण लोखंडी दारं खाली पाडली म्हणून पाणी थोडंच थांबतं? कडेनं, तळातून ते झिरपत राहतंच. बाकीच्या कालव्यांच्या दारांतून पाटभर पाणी गळत असायचं आणि गवंडी शिव्या देत चिखलात उभे असायचे. मिठोवाहचं तसं नव्हतं. वीटभट्टीवरची राख आणि कोळशाचा चुरा कायमदीन गोणींनी मागवायचा आणि दाराच्या नदीकडच्या अंगाला वरून हळूहळू सोडायचा. पाणीच ती राख ओढून फटीत नेऊन बसवतं. किती गोणी, किती वेळानं, कुठल्या कोपऱ्यात, हे त्याला हातानं कळायचं. दुसऱ्या दिवशी दाराच्या पलीकडे थेंब नसायचा. अख्ख्या बंधाऱ्यावर त्याला 'कायमचं दार' म्हणत.

बंदीच्या पाचव्या दिवशी मीरल आला. हा मोहाणा कोळ्यांचा पोरगा, म्हणजे आता पस्तिशीचा बाप्या. त्याचे आजे-पणजे नावेतच जन्मले आणि नावेतच मेले. बापानं नाव विकली आणि हा वन्यजीव खात्याच्या गाडीवर लागला, सिंधूतल्या बुल्हणी, म्हणजे डॉल्फिन, वाचवायच्या कामावर. गल्लीच्या तोंडाशी छोटा ट्रक उभा करून तो खाटेशी आला.

"चाचा, झोपलात की बसलात?"

"फरक काय पडतो? बोल."

"मिठोवाहात बुल्हण अडकलीय. गुराख्यानं पाहिली म्हणे, पण कुठं ते त्याला धड सांगता येईना. अकराव्या मैलाच्या पुढं कुठंतरी. डोह कुठं कुठं राहतात?"

कायमदीननं डोळे मिटूनच सांगितलं. "अकराव्यात पुलाखाली एक, पण तो उथळ. चौदाव्यात जुन्या पुलाच्या खालच्या अंगाला खड्डा पडलाय, पुरुषभर. त्याच्यापुढं सतराव्यात, ओढा कालव्याखालून जातो तिथं. बाकी सगळं सपाट."

"चला मग."

"मी कशाला? सांगितलं की आत्ता."

"वाटेत विसरीन मी."

"अकरा, चौदा, सतरा. एवढं विसरशील?"

"विसरीन," मीरल म्हणाला. "आणि घरात एखादी जुनी रल्ली असेल तर घ्या. भिजवून पांघरायला लागते, एक कमी पडतीय."

नाही म्हणायला जेवढं बोलावं लागलं असतं तेवढा उत्साह कायमदीनकडे नव्हता. तो उठला. आत पेटीवर घडी करून ठेवलेली एकच रल्ली होती. हजूरांनं दोन हिवाळे बसून शिवलेली गोधडी, लाल-काळ्या तुकड्यांची. ती त्यानं काखेत मारली आणि ट्रकमध्ये जाऊन बसला.

कालव्याच्या काठच्या रस्त्यानं गाडी निघाली. खाली कालवा रिकामा पडत चालला होता. मधे पाण्याची निमुळती धार, दोन्ही बाजूंना ओला गाळ, त्यावर बगळे. मीरलला गप्प बसवत नसे.

"तुम्ही तर रोज पाहत असाल बुल्हणी. दारापाशी."

"पाठ दिसायची. हूश करायच्या आणि जायच्या." कायमदीननं आठवून पाहिलं. "सोबत वाटायची. सकाळी चाकाला तेल घालत असलो की एखादी जवळ येऊन हूश करायची. मला वाटायचं, बघतीय माझ्याकडं."

मीरल हसला. "बघतीय कसली! आंधळी असते ती."

"कोण?"

"बुल्हण. सगळ्याच. जन्मांध. डोळा असतो, मोहरीएवढा, पण त्यात भिंगच नाही. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. आपली नदी ही अशी गढूळ, डोळ्यांचं काय लोणचं घालायचं? त्या कानानं बघतात. तोंडातून सारखं टक् टक् टक् चालू असतं, ते आदळून परत आलं की कळतं, इथं मासा, इथं खांब. आणि पोहतात माहितीय कशा? एका कुशीवर. खालचा पंख तळाला घासत. काठी टेकत चाललेल्या आंधळ्या माणसासारख्या."

चौतीस वर्षं कायमदीन त्यांना वरून पाहत होता आणि त्याला वाटत होतं, त्या खालून त्याला पाहतात.

"मासा नाही हां ती," मीरल पुढे म्हणाला. "तुमच्या-माझ्यासारखी हवा घेते. पोटातून पिल्लू होतं, दोन-तीन वर्षांत एखादं. दूध पाजते. अख्ख्या दुनियेत बुल्हण फक्त आपल्या या नदीत आहे चाचा, आणि सगळ्या मिळून दोन हजाराच्या आसपास. माझ्या आज्याच्या वेळी म्हणे वल्हं मारलं की त्यांना लागायचं."

"कालव्यात कशाला येतात मरायला?"

"दार उघडं असतं की. पाण्याबरोबर मासा आत येतो, माशामागं त्या येतात. एकदा आत आली की दाराशी पाण्याची धाव एवढी, उलटी कशी जाणार? राहते बिचारी. वर्षभर तिला काही कळतही नाही, पाणी असतं, मासा असतो. मग येते बंदी."

समोर उसाची गाडी आडवी आली. मीरलनं भोंगा वाजवला, गाडीवानाला दोन शब्द ऐकवले, आणि त्याच ओघात बोलून गेला, "आणि तुमच्या मिठोवाहात तर आमची पळापळ होते. बाकीची दारं गळतात, तिथले डोह बंदीभर टिकतात, आम्हाला सवड मिळते. इथं आठव्या-नवव्या दिवशी चिखल. साहेब म्हणतात, सगळ्यात जास्त मेलेल्या आम्हाला याच कालव्यात..."

बोलता बोलता त्यालाच ते ऐकू आलं, आणि तो थांबला.

"दरसाल किती?" कायमदीननं विचारलं.

"चाचा, तुमचं काम तुम्ही केलंत."

"किती ते विचारलं मी."

"आम्ही मोजायला लागलो त्याला दहाएक वर्षं झाली. मिठोवाहात कधी दोन, कधी पाच. सगळ्या मरत नाहीत, काही वाचवतो. त्याच्या आधीचं कोण सांगणार?"

त्याच्या आधीची चोवीस वर्षं. कायमदीननं मनातल्या मनात गुणाकार सुरू केला आणि मधेच सोडून दिला. त्याला एक बंदी आठवली, नोकरीच्या सुरुवातीची. सातव्या पुलाखालच्या चिखलात एक मोठी बुल्हण मरून पडली होती. लोक विळे घेऊन चरबी काढत होते, सांधेदुखीवर तिचं तेल चालतं म्हणून. एकानं त्यालाही बाटली भरून दिली. हजूरांचे गुडघे तेव्हापासूनच दुखत. तो हिवाळा त्यानं रोज तिच्या गुडघ्यांना ते तेल चोळलं होतं आणि ती म्हणाली होती, गुण आला.

आता हे आठवून काहीतरी व्हायला हवं होतं. झालं काहीच नाही. तो समोरच्या काचेवर मेलेल्या माशीकडे पाहत बसला.

चौदाव्या मैलाला त्यांना फार शोधावं लागलं नाही. जुन्या पुलाखालचा डोह आता तीसेक पावलं लांब उरला होता. काठावर एक म्हातारी चार म्हशी घेऊन बसली होती. माई भागुल तिचं नाव. खात्याची दुसरी गाडी, जाळी, सात-आठ माणसं उतरताना पाहून ती उठून उभी राहिली.

"आता आलात होय? तीन दिवस ऐकतीय मी. पहाटे म्हशी पाण्यावर आणल्या की कोणीतरी उसासा टाकतं. मला वाटलं, माझा मेलेला नवराच आला. जिवंत होता तेव्हाही असाच उसासे टाकायचा, काम सांगितलं की."

"किती आहेत, माई?" मीरलनं विचारलं.

"दोन. एक थोरली, एक धाकटी. आणि ऐक, जाळी टाकून पाणी गढूळ करणार तुम्ही, मग माझ्या म्हशी काय पिणार? तुझा घाम?"

"म्हशींना मी हापशाचं पाणी देतो."

"देतोस! तोंड पाहा. हापसा दोन कोस लांब आहे," असं म्हणत तिनं म्हशी मागे हाकलल्या आणि स्वतः मात्र तिथेच बसून राहिली.

जाळं डोहाच्या दोन्ही टोकांनी ओढत आणलं. पाणी कंबरभर, थंड, माणसांचे ओठ निळे. थोरली दोनदा जाळ्याखालून निसटली. धाकटी सापडली. चौघांनी तिला धरून कापडी झोळीत घेतलं आणि काठावर आणलं, तेव्हा कायमदीननं पहिल्यांदा अख्खी बुल्हण पाहिली. राखाडी अंग, पोटाकडे गुलाबीसर. हातभर लांब चोच, तिच्यातून सुयांसारखे दात बाहेर. आणि डोळ्याच्या जागी अरीनं टोचल्यासारखं एक भोक. बस्स.

गाडीत गादी होती. तिच्यावर बुल्हणीला ठेवून ओल्या रल्ल्या पांघरल्या, कायमदीनची सगळ्यात वर. "चाचा, तुम्ही मागं बसा तिच्याजवळ," मीरल म्हणाला. "माझी बाकीची माणसं दुसरीच्या मागं आहेत. डोक्यावरचं हे भोक दिसतंय ना, हे तिचं नाक. ते झाकायचं नाही, त्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. बाकी अंगावर सारखं पाणी घालत राहायचं. आणि श्वास मोजा. मिनिटाला एकदोन येतील. उशीर झाला की काचेवर थाप मारा."

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, नदीत सोडायची, म्हणजे चौदा मैल मागे जायचं. ट्रक सावकाश निघाला. कायमदीन उकिडवा बसून डब्यानं पाणी घालू लागला. अंगाला हात लावला, तर भिजलेल्या रबरासारखं लागलं, आणि आतून ऊब. हूश. एक. ओझं खाली ठेवलेल्या माणसासारखा श्वास. हूश. दोन. तो मोजत राहिला. त्याला मोजणं जमत असे. दारं किती बोटं उचलली, पाणी किती फूट, हे त्यानं आयुष्यभर मोजलं होतं. सतरा. अठरा. रस्त्याकडेच्या पोरी दुपारची धुणी घेऊन चालल्या होत्या, त्यांनी ओरडून विचारलं, "काय आहे रे गाडीत?" त्यानं डबा पुन्हा भरून ओतला. तीस. एकतीस. सातव्या पुलावरून गाडी गेली तेव्हा चाळीस झाले होते.

त्रेचाळीसनंतर चव्वेचाळीस आला नाही. तो थांबला. पाण्याचा डबा हातात तसाच. मग आणखी थोडं पाणी घातलं. मग काचेवर थाप मारली.

मीरल धावत मागे आला, वर चढला, कान लावला, दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, चोचीशी हात धरला. बराच वेळ तो वाकलेलाच होता.

"गेला," तो म्हणाला. "नर होता. तरणाच."

"मी पाणी घालत होतो."

"घालत होतात चाचा. मी पाहत होतो आरशातून. जाळ्यातच धसका घेतात त्या, काळीज फाटतं. आपल्या हातात नसतं."

मीरलचे डोळे भरले होते. त्यानं ते बाहीनं पुसले आणि बाही आणखी ओली झाली. कायमदीननं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ओले होते, थंडीनं पांढरे पडले होते, आणि ते दुसऱ्या कुणाचे तरी असावेत असं वाटत होतं.

मेलेल्या बुल्हणीला मोजायचं, कागद करायचे, म्हणून कचेरीत न्यावं लागतं. तिच्यावरची रल्ली काढून मीरलनं पुढे केली. कायमदीन म्हणाला, "राहू दे."

साहेबांचा निरोप संध्याकाळी आला. थोरलीला आता लगेच हात लावायचा नाही, ती दमलीय, पुन्हा जाळं टाकलं तर तीही जाईल. शिवाय दुसऱ्या एका कालव्यात तीन अडकल्यात, डॉक्टर तिकडे आहे. परवा सकाळी येऊ.

"परवापर्यंत पाणी राहील का?" मीरलनं कायमदीनला विचारलं.

"दिवसाला वीतभर उतरतंय," कायमदीन म्हणाला. "परवा दुपारी ती पोटावर बसेल."

घरी बखतावर वाट पाहत होती. भाकरी झाकून ठेवलेली. बापाच्या अंगावरचा चिखल पाहून ती आधी घाबरली, मग पेटीकडे तिची नजर गेली.

"बाबा, रल्ली कुठाय?"

"गाडीत गेली. बुल्हणीवर घातली होती."

"अम्माची होती ती."

"हो."

"दुसरं काही मिळालं नाही तुम्हाला? पोतं मिळालं नाही? एका माशासाठी..."

"मासा नाही ती," कायमदीन म्हणाला.

बखतावर मटकन खाली बसली आणि रडायला लागली. नदीच्या पलीकडच्या काठावर कुणीतरी काहीतरी करतंय आणि इकडे आवाज पोचत नाही, तसा तो तिच्याकडे पाहत राहिला. तिच्या डोक्यावर हात ठेवायला हवा, हे त्याला कळत होतं. त्यानं तो ठेवलाही. ती रडायची थांबली नाही, पण तिनं हात झटकला नाही.

सकाळी चहा न घेताच तो बंधाऱ्यावर गेला. दारावर आता पंजल होता. अकरा वर्षं कायमदीनच्या हाताखाली घासलेला, चाळिशीचा, मिशाळ. त्याला पाहून पंजलनं टोपी सरळ केली.

"उस्ताद! या या. बघा, तुमच्या पुढ्यात परीक्षा." त्यानं कालव्याकडे बोट दाखवलं. "बारा गोणी घातल्या. थेंब दिसतोय का? दाखवा मला एक थेंब."

कायमदीननं वाकून पाहिलं. खरंच नव्हता. काम चोख होतं.

"चांगलं केलंस," तो म्हणाला. "आता काढ."

"काय काढू?"

"राख. डाव्या हाताच्या दाराची. चार बोटं फट होऊ दे."

पंजल हसला, मग उस्तादाचं तोंड पाहून हसायचा थांबला. "बरं आहे ना सगळं? वहिनी गेल्यापासून तुम्ही..."

"चौदाव्या मैलाला डोहात बुल्हण आहे. उद्या नेणार आहेत. तोवर पाणी टिकायला पाहिजे."

"आणि नवव्या मैलाला गवंडी आहेत, त्यांचं काय? दगड बसवतायत. ठेकेदार माझ्या नावानं शंख करील. साहेब मला कागद देतील."

"देतील."

"उस्ताद, पहिल्या वर्षी याच दारात करंगळीएवढी फट राहिली म्हणून तुम्ही मला चारचौघांत थोबाडीत मारली होती. आठवतं?"

"आठवतं. त्याची आज परतफेड कर, मी गाल पुढं करतो. पण राख काढ."

पंजल जागचा हलला नाही. विनवण्या करणं कायमदीनला कधी जमलं नव्हतं, आणि आता तर आवाज चढवायचं बळही नव्हतं. त्यानं भिंतीला टेकवलेला लांब लोखंडी आकडा उचलला, नदीकडच्या अंगाला गेला, आणि पोटावर आडवा होऊन आकडा खाली सोडला. कुठं बसलीय राख, हे त्याला न बघता कळत होतं. त्यानं खरवडायला सुरुवात केली. चार-पाच ओढी झाल्या आणि दंडातली ताकद संपली. आकडा पाण्यात तसाच लोंबकळत राहिला.

मागून पंजलचा हात आला. "सरका," तो म्हणाला. "पडाल आत, मग दोन-दोन काढायला लागतील." आणि त्यानं आकड्याचं दुसरं टोक धरलं.

"साहेब आले तर सांग, म्हातारा चळलाय, ऐकत नव्हता."

"ते तर खरंच आहे, सांगायचं काय त्यात?"

दोघांनी मिळून अर्धा तास ओढलं. मग दाराच्या तळातून पाण्याची एक चपटी जीभ बाहेर आली आणि ओल्या वाळूवरून खाली निघाली. चौतीस वर्षांत कायमदीननं स्वतःच्या दारातून गळणारं पाणी पाहिलं नव्हतं. त्याचं आपल्याला काही वाटेल असं त्याला वाटलं होतं. तो नुसता बघत राहिला, धार टिकतेय की नाही एवढंच.

दुपारी ठेकेदार आला आणि त्यानं पंजलच्या सात पिढ्या उद्धरल्या. पंजलनं दोन्ही हात वर केले. "दार जुनं झालं साहेब, मी काय करू? तुमचंही वय झालं की गळेल."

कायमदीन तोवर एका दूधवाल्याच्या सायकलमागे बसून चौदाव्या मैलाला पोचला होता. माई भागुल तिथेच होती. तिनं डोहाच्या कडेला एक बाभळीची काठी रोवली होती, पाणी कुठवर आहे ते बघायला.

"सकाळपासून चार बोटं उतरलं," ती म्हणाली. "तू कोण? कालचा तोच ना, गाडीत मागं बसलेला?"

"हो."

"ती धाकटी मेली म्हणे."

"हो."

"मग तोंड असं का? तू मारलीस?"

कायमदीननं थोडा विचार केला. "मी गेटवाला होतो, माई. या कालव्याचा. चौतीस वर्षं."

"अस्सं!" म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे दर जानेवारीत माझ्या म्हशींना तहानेनं मारणारा तूच तर! किती शिव्या घातल्यात तुला, उचकी लागायची नाही का? बस. भाकरी खा."

तो बसला. भाकरी खाल्ली. मधूनमधून थोरली वर येई, चोच दिसे, हूश होई. भागुल काठीकडे बघे, तो बुल्हणीकडे. सूर्य कलायच्या सुमाराला वरून पाण्याचा एक चिंचोळा ओघळ गाळावरून वळणं घेत आला आणि डोहात शिरला. डोह भरला बिरला नाही. उतरायचा तेवढा थांबला.

रात्री घरी जाऊन सकाळी तो मीरलच्या गाडीतून पुन्हा डोहावर आला तेव्हा काठीवरची ओली खूण तिथंच होती.

या वेळी डॉक्टर बाई बरोबर होत्या आणि जाळं मऊ होतं. थोरली पहिल्याच ओढीत आली. मादी होती, धाकट्याच्या दीडपट, अंगावर जुने ओरखडे. तिला गादीवर ठेवल्यावर मीरल म्हणाला, "चाचा, बसा."

"मी नको. माझ्या हाताला यश नाही."

काठावरून भागुल ओरडली, "यश कुणाला हवंय? पाणी ओत म्हणजे झालं! हात म्हणजे हात, त्यात काय पीर बसलाय?"

माणसं हसली. डॉक्टर बाईही हसल्या. कायमदीन वर चढला.

तो पुन्हा एकपासून मोजू लागला. त्रेचाळीसला त्याचा हात थांबला, पण चव्वेचाळीस आला, आणि पंचेचाळीसही. डॉक्टर बाई समोर बसल्या होत्या. त्या मधेच म्हणाल्या, "हिचं वय वीस-बावीस तरी असेल." म्हणजे ही जन्मली तेव्हा तो दारावर होता. त्यानं मान हलवली आणि पाणी घातलं. बंधाऱ्यावरून गाडी गेली तेव्हा पंजल कठड्याशी उभा होता, त्यानं हात केला. नव्वदपर्यंत मोजून झालं आणि नदीचा काठ आला.

सहा जणांनी झोळी उचलून पाण्यात नेली. कंबरभर पाण्यात झोळी खाली केली, कापड बाजूला घेतलं. बुल्हण क्षणभर तशीच पडून होती. मग ती कुशीवर वळली, एक पंख खाली गेला, आणि गढूळ पाण्यात ती कुठं गेली ते कुणालाच दिसलं नाही. सगळे थांबले. बऱ्याच लांब, मधल्या धारेत, हूश झालं. "तीच का?" कुणीतरी विचारलं. "तीच म्हणायची," मीरल म्हणाला.

माणसांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. चहा आला. कायमदीननं कप हातात घेतला आणि त्याची कड बोटांना भाजतेय हे त्याला जरा उशिरानं कळलं. रडू त्याला तेव्हाही आलं नाही, आनंदही झाला असं म्हणता येणार नाही. त्यानं एवढंच विचारलं, "त्या दुसऱ्या कालव्यातल्या तिघींचं काय झालं?"

"दोन काढल्या. एक राहिलीय. उद्या पहाटे निघायचं. पण लांब आहे चाचा, साठ मैल."

"किती वाजता?"

पंजलला खात्याचा कागद आला, कामात हयगय केल्याबद्दल ताकीद. त्यानं तो घडी घालून खिशात ठेवला आणि जो येईल त्याला वाचून दाखवायचा. बखतावर दोन दिवस बापाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं भाकरीबरोबर दोन जुनी पोती आणि नवऱ्याचं फाटकं कांबळं आणून ठेवलं. "हे न्या," म्हणाली, आणि गेली.

बंदी संपली त्या दिवशी पंजलनं चाक फिरवून मिठोवाहचं दार उचललं आणि पाणी सुटलं. कायमदीन ते पाहायला नव्हता. साठ मैलांवरच्या कालव्याची बंदी अजून उठली नव्हती; तो तिथं आणखी एका बुल्हणीसाठी मांड्यांपर्यंत गाळात उभा होता, आणि जाळ्याची दोरी त्याच्या मनगटाला गुंडाळलेली होती. पाणी इतकं गार होतं, की पाय आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. पलीकडच्या टोकाहून मीरल ओरडला, "चाचा, धरलंय का?"

"धरलंय," तो म्हणाला. "ओढ तू."